जटायू आणि गिधाड

बालाघाटच्या डोंगररांगेत, येडशीजवळ, रामलिंगचा घाट आहे. धाराशिव जिल्ह्यातील उजाड माळ तुडवून आलेल्या माणसाला पावसाळ्यात येथील हिरवाई खरी वाटत नाही. 1997 साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू येथेच पडला, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. (इगतपुरीजवळच्या टाकेदचे लोकही हेच सांगतात. श्रद्धेच्या भूगोलात एका घटनेला दोन स्थळे लाभली तर तक्रार कोणी करावी?)

जटायू म्हणजे गिधाड. ज्याच्या स्मृतीपुढे आपण हात जोडतो, त्याच पक्ष्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. 'गिधाडांसारखे तुटून पडले' असे लिहिताना कोणाची लेखणी अडखळत नाही. सृष्टीविषयी लिहिणाऱ्याने सत्याशी किती इमान राखावे आणि सौंदर्याशी किती, हा प्रश्न मला या विसंगतीपाशी येऊन भिडतो.

ख्रिस्ती कलेला हा प्रश्न नवा नाही. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन अनेक वेद्यांवर कोरलेला आहे. पक्षिशास्त्र सांगते की असे काही घडत नाही. पिलांना मासे भरवताना तो चोच छातीशी दाबतो, त्यावरून हा समज रूढ झाला असावा. म्हणून ते प्रतीक खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. प्रतीक ख्रिस्ताविषयी बोलते, पक्ष्याविषयी नव्हे. परंतु निसर्गलेखक जेव्हा 'मी पाहिले' म्हणून तीच कथा सांगू लागतो, तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा पक्ष्यांच्या बाबतीत शिथिल होते, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

गिधाडाविषयी आपण अशीच खोटी साक्ष दिली. त्याच्या बोडक्या मानेला आपण कुरूप म्हटले. कुजक्या मांसात डोके खुपसणाऱ्या पक्ष्याला पिसांवाचूनची मान किती सोयीची असते, हे कोणी समजून घेतले नाही. 1990 नंतर ही गिधाडे झपाट्याने मरू लागली. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. गुरांना वेदना व सूज कमी व्हावी म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. 2004 मध्ये हे कारण सिद्ध झाले. 2006 मध्ये भारतात गुरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. कारण शोधले ते शवविच्छेदनाने, भक्तीने नव्हे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण मेलेल्या गिधाडाचे दुःख वाटावे, ही शिकवण शवविच्छेदनातून येत नाही.

दोहोंचा मेळ घालणारा माणूस धाराशिवच्या शेजारीच जन्मला. सोलापूरचे मारुती चितमपल्ली (1932–2025) वनाधिकारी होते. वनशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने संस्कृतचाही अभ्यास केला आणि रानात राहणाऱ्यांकडून पाखरांची नावे शिकून घेतली. बगळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'सारंगागार' म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. हे केवळ परिभाषेचे काम नव्हे. नाव नसलेली गोष्ट नाहीशी झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

शास्त्रामुळे विस्मय आटतो, अशी तक्रार काही साहित्यप्रेमी करतात. मला तिच्यात थोडा आळस दिसतो. उलट टोकाची माणसेही आहेतच: पक्ष्याची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगून थांबणारी. त्यांचे लेखन अचूक असते, पण ते वाचून कोणी उन्हातान्हात पक्षी पाहायला घराबाहेर पडत नाही.

गेल्या श्रावणात घाट चढताना एका शाळकरी मुलाने आभाळाकडे बोट दाखवून विचारले, "काका, ते गिधाड का?" तो जटायूची गोष्ट आजीकडून ऐकून आला होता. हो म्हणण्याचा मोह मला झाला. पण ती घार होती. मी त्याला तिची दुभंगलेली शेपटी दाखवली. वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडे मान वर करून पाहत होता.