थरथर म्हणजे भार नव्हे

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची हाडं व्हायब्रेशन प्लेटनं, म्हणजे उभं राहायच्या थरथरत्या पाटानं, वाचतात का, या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. यंत्र विकणारे अंतराळवीरांचे दाखले देतात. सावध मंडळी ‘पुरावे अजून अपुरे आहेत’ म्हणून मोकळी होतात. ही प्लेट हाडाला नेमकं देते तरी काय, हे विचारण्याची तसदी मात्र दोघंही घेत नाहीत.

प्रश्न किरकोळ नाही. कमरेखालचं अंग लुळं पडलं की पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पायांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात काही वर्षांनंतरचा हिशेब आहे: गुडघ्याजवळच्या टोकांशी मांडीच्या हाडाचा सुमारे 50 टक्के आणि नडगीचा तर 60 टक्क्यांच्या आसपास ऐवज गेलेला असतो. मग व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना पाऊल अडकून पाय जरासा पिरगळला, तरी हाड मोडतं. ते दुखतही नाही. दुसऱ्या दिवशी अंग पुसताना गुडघा सुजलेला आणि गरम लागतो, तेव्हा कुठे शंका येते.

हाड पेलावा लागणाऱ्या भाराप्रमाणे घडतं, हे युलियस वोल्फनं 1892 मध्येच मांडलं होतं. प्लेटवाल्यांची खरी भिस्त मात्र संशोधक क्लिंटन रुबिन यांच्यावर आहे. 2001 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी मेंढ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षभर दिवसाला 20 मिनिटं, सेकंदाला 30 कंपनं, गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम तीन दशांश इतका जोर. आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातल्या जाळीदार हाडाची घनता 34 टक्क्यांनी वाढली. रुबिन यांचं म्हणणं असं, की नुसतं उभं असतानाही स्नायूंची बारीक थरथर हाडाला सतत जागं ठेवते. ती थांबली तर बाहेरून पुरवावी. कमरेखाली लुळं पडलेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळ्यांत जास्त पटण्याजोगं वाटतं. युक्तिवाद हुशार आहे, यात वाद नाही.

पण ती मेंढी चार पायांवर उभी होती. तिच्या नसा शाबूत होत्या, स्नायू ताणलेले होते, पूर्ण वजन पायांवर होतं. थरथर त्या भाराच्या वर पडत होती. त्या जोरावर प्लेट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वर-खाली होते. भार आधीच असेल तर एवढ्याशा हालचालीनं कदाचित फरक पडत असेल. भारच नसताना ती भाराची जागा कशी घेणार? बरं, धडधाकट माणसांतही मेंढीचं यश हुकमी नाही. टोरांटोत रजोनिवृत्तीनंतरच्या 202 स्त्रियांना वर्षभर तपासलं, तेव्हा रोज प्लेटवर उभं राहण्याचा हाडांना काहीच फायदा दिसला नाही (2011).

प्लेटऐवजी औषध सुचवणाऱ्यांचं एका ओळीत सांगता येईल: बिस्फॉस्फोनेट हे औषध हाडाची झीज रोखू पाहतं, हाडाला काम देत नाही.

खरा निवाडा आयोवा विद्यापीठातल्या रिचर्ड शील्ड्स आणि शॉना डडली-जावोरोस्की यांच्या कामातून मिळतो. त्यांनी रुग्णाचा एकच पाय निवडला. रुग्ण खुर्चीत बसलेला, गुडघा वर उचलता येणार नाही असा जखडलेला, पोटरीवर इलेक्ट्रोड. विजेच्या झटक्यानं पोटरी आकसली की नडगी दाबली जाई. इजेनंतर लवकर सुरुवात केली आणि दोनेक वर्षं नेटानं चालू ठेवलं, तेव्हा त्या पायाच्या नडगीच्या खालच्या टोकाची जाळीदार घनता दुसऱ्या पायापेक्षा 31 टक्क्यांनी जास्त राहिली (2006). पुढे याच गटानं जखडलेल्या एका पायाला बारा महिने थरथर दिली, तीही रुबिन यांच्या दुप्पट जोरानं. हाडाला संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही (2016).

कुणी म्हणेल, मग रुग्णाला नुसतं उभं करावं. तेही याच गटानं पाहिलं आहे. 2012 च्या अभ्यासात मांडीच्या स्नायूंना विजेनं आकसवून शरीराच्या वजनाच्या दीडपट दाब दिला, तेव्हा गुडघ्याजवळचं मांडीचं हाड अधिक टिकलं. नुसतं आधारानं उभं केलेल्यांत दाब वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्यांची हाडं मुळीच उभं न राहिलेल्यांपेक्षा बरी नव्हती.

म्हणजे हाड हलवणं आणि हाडाला पेलायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेलण्यालाही किमान मात्रा लागते. लहान अभ्यासांवरून एवढं बोलणं धाडसाचं आहे, हे मान्य. थरथर स्नायूंच्या ताणाच्या जोडीला दिली तर काही साधेल, ही शक्यताही नाकारता येत नाही. पण भाराचा मार्ग स्वस्त नाही. 1997 च्या एका डॅनिश अभ्यासात विजेच्या साहाय्यानं आठवड्यातून तीनदा सायकल चालवून वर्षभरात नडगीच्या वरच्या टोकाची घनता 10 टक्क्यांनी वाढली. पुढचे सहा महिने आठवड्यातून एकदाच चालवली, तर ती पुन्हा होती तिथं आली. पुनर्वसन केंद्रानं प्लेट घेण्याआधी हा खर्च मांडायला हवा: आठवड्याला किती सत्रं, किती दाब, आणि रुग्ण घरी गेल्यावर ते चालू कोण ठेवणार.