दान आणि देणे

आयुष्याच्या पूर्वार्धात कठोरपणे धन मिळवावे आणि उत्तरार्धात तितक्याच मोकळ्या हाताने ते वाटून टाकावे, अशा मनुष्याचा हिशेब कसा मांडावयाचा? व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली की खाते बंद होते. नीतीच्या वहीतही तसेच होते काय? हा प्रश्न आम्हांला नव्याने सुचलेला नाही. तुकोबांसारख्या संसारी संतानेही द्रव्याचा विचार करताना ते मिळवण्याच्या रीतीला आधी स्थान दिले आणि खर्चण्याच्या रीतीला नंतर. तथापि हा क्रम उलटला तर काय होते, हे अमेरिकेतील पोलाद-कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसेल.

कार्नेगीचा जन्म १८३५ साली स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन गावी झाला. बाप हातमागावर विणणारा. यंत्रमाग आले आणि त्याचा धंदा बुडाला. घरातील वातावरण जहाल राजकारणाचे होते; सामान्य माणसाला मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चार्टिस्ट चळवळीशी या कुटुंबाचा निकट संबंध होता. १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आले, आणि तेरा वर्षांचा अँड्र्यू एका सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर राबू लागला. पुढे तो तारखात्यात निरोप पोहोचवणारा पोऱ्या झाला. त्या काळात अँडरसन नावाच्या एका गृहस्थाने आपला सुमारे चारशे पुस्तकांचा संग्रह कामकरी मुलांसाठी खुला केला होता. या पुस्तकांचे ऋण कार्नेगी जन्मभर विसरला नाही. तारखात्यातून रेल्वेत, रेल्वेतून लोखंडात आणि लोखंडातून पोलादात असा त्याचा प्रवास झाला. १९०१ साली त्याचा कारखाना जे. पी. मॉर्गन याच्या पुढाकाराने ४८ कोटी डॉलरला विकला गेला. त्यांपैकी सुमारे साडेबावीस कोटी एकट्या कार्नेगीच्या वाट्याला आले.

१८८९ साली त्याने संपत्तीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. धनिक हा समाजाच्या वतीने धनाचा विश्वस्त होय. हयातीतच त्याने ते लोकहितार्थ लावावे. गडगंज संपत्ती मागे ठेवून मरणे लांच्छनास्पद आहे, असे त्यात प्रतिपादन होते. हे केवळ बोलणे नव्हते. १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर देऊन टाकले. जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारती त्याच्या पैशाने उभ्या राहिल्या. इमारत तो देई. जागा गावाने द्यावयाची आणि देणगीच्या एकदशांश इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी करांतून उभी करावयाची, अशी त्याची अट असे. त्या अटीत शहाणपण होते, हे मान्य केले पाहिजे.

आता वहीचे दुसरे पान. १८८६ साली याच कार्नेगीने कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य करणारे लेख लिहिले होते. संपावर गेलेल्याची जागा दुसऱ्याने बळकावू नये, ही कामगारांमधील अलिखित मर्यादा त्याने आदराने उल्लेखिली होती. सहाच वर्षांनी, १८९२ च्या जूनअखेर, होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात वेतनाचा करार संपला. व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिक याला दर उतरवावयाचे होते आणि कामगारसंघही मोडावयाचा होता. कारखान्याभोवती उंच कुंपण घातले गेले, कामगारांना बाहेर काढण्यात आले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन संस्थेचे सुमारे तीनशे भाडोत्री रक्षक मोनोंगाहेला नदीतून पडावांवर बसून आले. काठावर कामगार आणि त्यांच्या बायका उभ्या होत्या. दिवसभर चकमक झाली आणि दोन्ही पक्षांची मिळून दहाच्या आसपास माणसे मेली. मागोमाग राज्याच्या सैन्याचे हजारो शिपाई आले. नोव्हेंबरात कामगारांनी हार मानली. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तेथील पोलादाच्या धंद्यात कामगारसंघाला खरे बळ आले नाही.

या वेळी कार्नेगी कोठे होता? स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, विश्रांतीसाठी. पुढे होमस्टेडचा विषय निघाला की आपण तेथे नव्हतो, याच गोष्टीचा त्याला आधार वाटे. परंतु कारखाना यापुढे संघाविना चालेल अशा आशयाच्या जाहीर सूचनेचा मसुदा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यानेच करून ठेवला होता, आणि फ्रिक जे करील त्याला आपला पाठिंबा आहे असे पत्रांतून कळवले होते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकजण शासकीय सेवेनिमित्त घरापासून दूर राहणारे आहेत. अधिकार म्हणजे काय आणि तो कसा सोपवला जातो, हे त्यांना विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. हाताखालच्या मनुष्यावर काम सोपवल्यावाचून कोणतेही मोठे कार्यालय चालत नाही. प्रत्येक तपशिलाचे पाप वरिष्ठाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याने हेतू ठरवला, साधनांची निवड दुसऱ्यावर टाकली आणि परिणाम भोगण्याच्या वेळी तो अंतराकडे बोट दाखवू लागला, त्याने काम सोपवलेले नसते. आपली सदसद्‌विवेकबुद्धी सोपवलेली असते. फ्रिक निदान स्वतःच्या कृत्यापाशी उभा होता. त्याच महिन्यात एका तरुण अराजकवाद्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातून तो वाचला, पण धोरणापासून हटला नाही. त्याचा कठोरपणा आम्हांला रुचत नाही. तथापि त्याच्या वागण्यात दुटप्पीपणा नव्हता.

कार्नेगीला ढोंगी म्हणून निकालात काढणे मात्र सोपे असले तरी खरे नव्हे. होमस्टेडइतकी खोल जखम आपल्याला आयुष्यात दुसऱ्या कशानेच झाली नाही, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पुस्तकांविषयीचे त्याचे प्रेमही अस्सल होते. प्रश्न त्याच्या भावनेचा नसून त्याच्या युक्तिवादाचा आहे. मजुरी वाढवून हा पैसा हजारो घरांत थोडा थोडा वाटला असता तर तो खाण्यापिण्यात उडून गेला असता. एकत्र राहिल्याने त्यातून समाजाच्या कायमच्या उपयोगाच्या संस्था निघाल्या, असे त्याचे म्हणणे. पण ज्याला तो उधळणे म्हणतो ते कामगाराच्या घरी पुरेसे अन्न असेल, आजाऱ्याचे औषध असेल, मुलाला गिरणीऐवजी शाळेत धाडणे असेल. तेराव्या वर्षी मजुरीवर गेलेल्या मनुष्याला हे सांगावे लागू नये.

आपल्या भाषेत ‘दान’ आणि ‘देणे’ हे शब्द एकाच धातूपासून निघाले, तरी व्यवहारात त्यांच्यात मोठे अंतर आहे. दान कोणाला, किती, केव्हा करावे हे दाता ठरवतो. देणे कोणाचे आणि किती, हे आधीच ठरलेले असते. तेथे देणाऱ्याला निवड नसते आणि घेणाऱ्याला आभार मानावे लागत नाहीत. सावकाराचे कर्ज बुडवून कोणी गावात धर्मशाळा बांधली तर तिच्या सावलीत वाटसरू सुखाने विसावतील, तिची उपयुक्तता कोणी नाकारू नये; पण कर्ज फिटले असे कोणीच म्हणणार नाही. विश्वस्तपणाचेही तसेच. गांधीजींमुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या या कल्पनेत, धन ज्यांच्यासाठी सांभाळावयाचे त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार गृहीत असतो. होमस्टेडच्या कामगारांनी तो विचारला तेव्हा त्यांना पडाव दिसले.

१८९८ साली होमस्टेडलाही ग्रंथालय मिळाले. पुस्तके, संगीतगृह, पोहण्याचा तलाव, सर्व काही त्यात होते. कारखान्यातील पाळी मात्र बारा तासांची होती, आणि पाळी बदलण्याच्या दिवशी कित्येकांना सलग चोवीस तास उभे राहावे लागे. भट्टीसमोर दिवस काढून आलेल्या मनुष्याने कोणत्या वेळी पुस्तक उघडावयाचे? १९०१ साली कार्नेगीने आपल्या जुन्या कामगारांच्या साहाय्यनिधीसाठी ४० लाख डॉलर वेगळे काढले. ही रक्कम त्याच्या इतर दानांच्या मानाने लहान असली, तरी आमच्या मते ती त्याच्या सर्व देणग्यांत ‘देण्या’च्या सर्वांत जवळ जाणारी होती, कारण ती ज्यांच्या श्रमातून धन निघाले त्यांच्याकडे वळली.

कार्नेगीच्या ग्रंथालयांत बसून कित्येक गरीब मुले शिकली, हे सत्य होमस्टेडने पुसले जात नाही, आणि होमस्टेडचे रक्त त्या मुलांच्या विद्येने धुतले जात नाही. ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यात ओढता येत नाही. म्हणून कोणा दात्याचे नाव इमारतीवर पाहिले की त्याचे दान निःसंकोचपणे वाखाणावे. मात्र त्याचे देणे कोणाकडे राहिले आहे, हे विचारण्याचा आपला अधिकार त्या वाखाणणीत खर्ची पडू देऊ नये. आणि ज्यांच्या सहीने दूरच्या गावी बऱ्यावाईट गोष्टी घडतात, अशांनी तोच प्रश्न अधूनमधून स्वतःलाही विचारावा.