घडणावळ

दागिना मोडीत घालताना सराफ त्याचे वजन करतो, कस पाहतो आणि सोन्याचा भाव सांगतो. तो करविताना दिलेली घडणावळ परत मिळत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे रास्तच आहे. परंतु कारागिराने धातूला जे रूप दिले, त्याचे मोल धातूबरोबर वितळून जाते काय, हा प्रश्न सराफाच्या दुकानात सुटणारा नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये दागिने ठेवण्यासाठी ब्राँझच्या लहान, नक्षीदार पेट्या घडविल्या जात. काहींच्या झाकणावर वा कडांवर हरीण, श्वान, पक्षी कोरलेले असत. पशुशिल्प हा तेथे प्रारंभी दुय्यम प्रकार मानला जाई. आंत्वान-लुई बारी या शिल्पकाराने १८३१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुसरीला फाडणारा वाघ मांडला. अशा शिल्पकारांना टीकाकारांनी उपहासाने ‘पशुकार’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे तेच नाव मानाचे झाले. त्या काळच्या पेट्यांतील दागिने वारसांच्या वाटणीत गेले, विकले गेले, मोडले गेले. पेटी मात्र रिकामी असूनही आज जपली जाते. सोन्याच्या मानाने ब्राँझ ते काय! संग्राहक जी किंमत मोजतो, ती बव्हंशी घडणावळीचीच.

अर्थात, कलाकृती आहे म्हणून धातूला अभय मिळतेच असे नाही. जर्मनव्याप्त पॅरिसमधील कित्येक सार्वजनिक पुतळे १९४१ नंतर धातूसाठी वितळविण्यात आले.

आमच्या सिन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातून प्रवरा नदी वाहते. तीच पुढे श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादजवळून जाते. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना चार शिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. साडेतीन हजार वर्षांहूनही ती जुनी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. मोडीच्या भावाने विकली असती, तर गरीब घराला तेवढाच आधार झाला असता. ती वितळली नाहीत, म्हणून त्या अनामिक ओतकाराचे कौशल्य आज आपल्याला दिसते.

सिन्नर तालुक्याला अवर्षण नवे नाही. पाऊस दगा देतो, तेव्हा बियाण्यासाठी, मुलांच्या फीसाठी घरातील पाटल्या, डोरले मोडले जाते. त्या माउलीला ‘कला जपा’ असे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे काय? आमच्या मते नाही. ज्याने घडविले त्याचा मान मोठा; पण उपाशी लेकराची भूक त्याहून मोठी. जपण्याचे कर्तव्य प्रथम ज्याचे पोट भरलेले आहे त्याचे, आणि भुकेल्यावर मोडण्याची पाळी येऊ न देणे हाही त्याच कर्तव्याचा भाग.

खेद वाटतो तो पोट भरलेल्यांच्या हिशेबाचा. चाळीस वर्षे राबून थकलेला गडी वा विड्या वळून बोटे झिजलेली आजी यांच्याकडे पाहताना ‘आता यांचा उपयोग काय?’ असे विचारणारी घरे काही थोडी नाहीत. तो प्रश्नही तराजूचाच आहे. त्या दोघांनी ज्यांना घडविले, तेच तो विचारतात, आणि घडणावळ हिशेबात धरीत नाहीत.