साखळीतले डोके

माणसे एकत्र आली की बळ वाढते, हे कोणीही सांगेल. किती वाढते, हे मोजले माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने. बैल, घोडे, माणसे यांची ओढण्याची ताकद मोजणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार, आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्म्यावर येतो. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत डोळे बांधलेल्या माणसांना दोरी ओढायला लावली. त्यांच्या मागे उभे असलेले नुसतेच ओढल्याचे सोंग करत होते. ताळमेळ साधायला कोणी नसतानाही डोळे बांधलेल्या बिचाऱ्यांचा जोर ओसरला. म्हणजे दोष केवळ ताळमेळाचा नव्हता.

संघाचा जोर असा मोजला गेला, तरी नैपुण्याचा अभ्यास तोवर एकेकट्याचाच चालला होता. त्याचा लाडका नमुना म्हणजे पटासमोरचा बुद्धिबळपटू.

हा विचार संघाकडे वळला तो मैदानाबाहेर. ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे गेली. विमान वर चढत होते, नौकेवर मात्र ते खाली झेपावते आहे असे समजले गेले. त्यानंतर अमेरिकी नौदलाने तणावाखालच्या निर्णयांवर संशोधन करवून घेतले. जेनिस कॅनन-बॉवर्स आणि एदुआर्दो सालास यांनी मांडलेली 'सामायिक मानसिक आराखड्या'ची कल्पना त्यातून रुजली: सर्वांच्या डोक्यात कामाचे चित्र जुळते हवे. २००४ मध्ये डेव्हिड एकल्स आणि गेर्शोन टेनेनबॉम यांनी हा विचार खेळाच्या संघांना लावला.

मला या कल्पनेत एक खोट दिसते. कबड्डीत सातही जण एकच विचार करू लागले, तर चढाईपटूचे फावलेच. कोपरारक्षकाची नजर पायावर असते; परतीची वाट रोखायची चिंता मध्यरक्षकाला. कोपऱ्याने घोटा धरला आणि इतर क्षणभर उशिरा झेपावले, तर पकड सुटते आणि गुण जातो. शेजाऱ्याला काय दिसते आहे ते आपल्याला दिसण्याची गरज नाही. तो काय करील याची खात्री हवी. डॅनियल वेगनरने १९८५ मध्ये जोडप्यांच्या स्मरणाविषयी असेच काहीसे म्हटले होते: कोणाला काय ठाऊक आहे, एवढे ठाऊक असले की भागते.

२०१३ मध्ये पेद्रो सिल्वा आणि सहकाऱ्यांनी डोक्यातला आराखडाच बाजूला सारला. खेळाडू वाटून घेतात त्या समोर उघडणाऱ्या संधी, असे त्यांचे म्हणणे. साखळीत हात धरलेल्या बचावपटूंना हे चटकन पटावे. सोबत्याचा कल तिथे हाताला मिळालेल्या ओढीवरून कळतो. डोक्यातला आराखडा शोधायला प्रश्नावली भरून घेणाऱ्या संशोधकाला ती ओढ सापडायची नाही.

प्रो कबड्डीच्या लिलावात बोली मात्र एकेका नावावरच लागते. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी, अशी जोडी पुकारण्याची तिथे सोय नाही.