टर्की, क्षमा आणि मिठवणी

ज्याने काही अपराधच केलेला नाही त्यास क्षमा करता येते काय? कायद्याच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला तर विद्यार्थी हसतील. क्षमा ही अपराधाच्या मागून चालणारी गोष्ट आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षास दिलेला क्षमादानाचा अधिकार संघराज्याविरुद्ध घडलेल्या अपराधांपुरता आहे. आपल्या घटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना तो दिला आहे, तोही अपराध सिद्ध झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत. असे असता दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर उभा राहतो आणि एका टर्की पक्ष्यास क्षमा केल्याचे जाहीर करतो. पक्ष्याचा अपराध कोणता, हे कोणी विचारीत नाही. तो पुष्ट आहे आणि थँक्सगिव्हिंगचा सण दोन दिवसांवर आला आहे, एवढाच काय तो त्याच्यावरील आरोप.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. टर्कीचा व्यवसाय करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९४७ पासून राष्ट्राध्यक्षास सणासाठी पक्षी भेट देत आली आहे, आणि ती भेट खाण्यासाठीच होती. १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडी यांनी भेटीदाखल आलेला पक्षी न मारता परत पाठविला. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांचा खून झाला. पण ‘क्षमा’ हा शब्द विधिपूर्वक उच्चारण्याचा प्रघात १९८९ साली थोरल्या बुशसाहेबांनी पाडला. विनोद म्हणून तो निरुपद्रवी आहे, आणि विनोदावर कायद्याचे कलम लावणारा वकील हा स्वतःच विनोदाचा विषय होतो, हे आम्हांस ठाऊक आहे. आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. त्या व्यावसायिकांच्याच अंदाजाप्रमाणे या एका सणास साडेचार कोटींच्या आसपास टर्की खाल्ल्या जातात. एकीस सोडून बाकीच्यांच्या वतीने दया केल्याचे समाधान सर्व देशाने वाटून घ्यावे, ही सोय फार स्वस्त आहे. राष्ट्राध्यक्षास त्या दयेसाठी स्वतःचे असे काहीच द्यावे लागत नाही.

त्याच दोन दिवसांत तेथील असंख्य घरांतून दुसरेच एक काम चाललेले असते. त्यास कोणी नीतीच्या नावाने ओळखत नाही. आमच्या मते मात्र या प्रकरणातील खरा नैतिक प्रश्न तेथेच आहे. ते काम म्हणजे अखंड पक्षी मिठाच्या पाण्यात भिजत घालून भाजणे.

वाचकांपैकी पुष्कळांनी हा प्रकार पाहिला नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सहा-सात किलो वजनाचा गोठविलेला पक्षी शीतकपाटात ठेवून सावकाश सैल करण्यासच तीन दिवस लागतात. दर दोन-सव्वादोन किलोंमागे एक दिवस, असा हिशेब धरतात. त्यानंतर लिटरमागे सुमारे साठ ग्रॅम मीठ घालून केलेल्या थंडगार मिठवणीत तो पूर्ण बुडेल असा ठेवावयाचा. कोणी त्यात थोडी साखर, तमालपत्र, मिरी, संत्र्याची साल घालतात. पण खरे काम मिठाचे. एक रात्र तरी तो तसाच राहिला पाहिजे, आणि त्या अवधीत पाणी चार अंशांहून अधिक तापता कामा नये. नाहीतर मांस मुरण्याऐवजी नासावयाचे. (बाजारात काही पक्षी आधीच मिठाचे पाणी टोचून विकतात. वेष्टनावरील बारीक अक्षरे न वाचता असा पक्षी पुन्हा मिठवणीत घातला तर पानावर समुद्र येतो. बारीक अक्षरे वाचावीत, हा उपदेश आम्ही पक्षकारांनाही नित्य करतो, आणि तोही फुकट जातो.)

मीठ करते काय? स्नायूंच्या तंतूंतील काही प्रथिने मिठामुळे अंशतः विरघळतात, तंतू सैल होऊन फुगतात आणि पाणी धरून ठेवतात; पुढे आच लागली तरी ते पाणी एकदम सोडीत नाहीत. याची गरज पडते याचे कारण असे की, अखंड पक्षी भाजणे म्हणजे एकाच देहास दोन कायदे लावणे होय. छातीचे मांस कोवळे आणि विनाचरबीचे. ते पासष्ट-सत्तर अंशांना शिजते व त्यापुढे कोरडे पडू लागते. मांडीचे मांस चिवट बंधांचे. ते ऐंशीच्या घरात गेल्याखेरीज मऊ होत नाही. सरकारी आरोग्यखाते सर्वत्र चौऱ्याहत्तर अंशांचा आग्रह धरते. मांडी होईपर्यंत छातीचा भुसा होऊ नये, यासाठी मीठ ही एक प्रकारची मुदतवाढ आहे. पक्षी मिठवणीतून काढून पुसावयाचा, कातडी सुकावी म्हणून पुन्हा काही तास उघडा ठेवावयाचा, तीन-साडेतीन तास भट्टीत भाजावयाचा, आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास त्यास सुरी लावावयाची नाही. कारण भुकेल्या मंडळींपुढे तो लगेच चिरला तर सगळा रस पाटावर सांडतो.

मिठाच्या पाण्याची ही रीत अमेरिकेचीच आहे असे मात्र नव्हे. पोर्तुगालमध्ये नाताळच्या टर्कीस मारण्यापूर्वी दारू पाजण्याची आणि मारल्यावर मीठ, लिंबाच्या व संत्र्याच्या फोडी घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवण्याची जुनी चाल आहे. त्या भाषेत या पक्ष्याचे नाव ‘पेरू’; आपल्याकडे त्याच नावाचे फळ मीठ लावून खातात, हा निव्वळ योगायोग. मूळच्या मेक्सिकोच्या या पक्ष्यास इंग्रजांनी तुर्कस्थानचा ठरविले, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटले, आणि डच लोकांनी थेट कालिकतचे नाव दिले. ज्याचे अधिवासस्थान प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगणात दाखवितो असा पक्षकार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. हिंदुस्थानाशी त्याचा खरा संबंध आला तो पोर्तुगिजांच्या द्वारे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मिळ वस्तूंत हा पक्षी होता. जहांगीर बादशहाने त्याचे डोके व मान क्षणाक्षणास रंग कसे बदलतात याचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढविले. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीर काही अहिंसेचा उपासक नव्हता. शिकारीचे आकडे तो अभिमानाने मोजीत असे. पण त्या पक्ष्याकडे त्याने पाहिले आहे, यात शंका नाही.

मन्सूरच्या चित्रातील पक्षी काळसर पिसांचा, उंच पायांचा, ताठ मानेचा आहे. आज अमेरिकेतील दुकानांत येणाऱ्या जातीशी त्याची तुलना केली म्हणजे मधल्या चारशे वर्षांत काय झाले ते कळते. आजची जात पांढऱ्या पिसांची, कारण सोललेल्या कातडीवर काळे ठिपके गिऱ्हाइकास खपत नाहीत. आणि छाती इतकी वाढविलेली की नरमादीचा नैसर्गिक संगही होऊ शकत नाही, वंश कृत्रिम रेतनाने चालवावा लागतो. क्षमा मिळालेले पक्षीही बहुधा याच जातीचे. पाय आणि हृदय त्या वजनास पुरत नाहीत, त्यामुळे त्यांचे पुढील आयुष्य बेताचेच असते. ही फुगविलेली छातीच भट्टीत सर्वांत आधी कोरडी पडते. म्हणजे आपल्या हव्यासाने जे बिघडविले ते रात्रभर मिठात ठेवून सावरण्याचा हा खटाटोप आहे.

आता प्रश्न असा की, या खटाटोपास नीतीच्या दृष्टीने काही मोल आहे काय? सरळ आक्षेप असा की, ही काळजी पक्ष्यासाठी नसून जिभेसाठी आहे. आमच्याच व्यवसायातील एक थोर गृहस्थ, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ब्रिया-सावारँ, हे राज्यक्रांतीच्या धामधुमीत अमेरिकेत आश्रयास होते. १७९४ च्या ऑक्टोबरात कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड गावाजवळ त्यांनी एक रानटी टर्की मारली. परत येताना यजमान त्यांना स्वातंत्र्याची आणि त्या देशातील सुखी जीवनाची महती सांगत होता, आणि हे गंभीर मुद्रेने ऐकत होते. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, ते त्यांनी १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे: ही टर्की शिजवावी कशी! या कबुलीवर आजवर सर्व जण हसले आहेत. आम्हांस तीत हसण्याखेरीजही काही दिसते. ज्या माणसाने तासाभरापूर्वी एक जीव घेतला आहे, त्याच्या मनात त्या जिवाचाच विचार असावा आणि स्वातंत्र्यावरील व्याख्यान त्यास ऐकू येऊ नये, हे इतके हास्यास्पद आहे काय?

येथे कायद्यातील एक जुने तत्त्व आमच्या मदतीस येते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, याच्या ३०३ व्या कलमात एका विलक्षण व्यवस्थापकाचा उल्लेख आहे. मृताच्या मिळकतीस खरा व्यवस्थापक नसता जो कोणी अधिकारावाचून तीत हात घालतो, तो आपल्याच अपकृत्याने तिचा व्यवस्थापक ठरतो. त्याने म्हणावे की, माझी नेमणूकच झालेली नाही, तेव्हा माझ्यावर जबाबदारी कसली? कायदा म्हणतो, नेमणूक नाही हे खरे, म्हणून हक्क मिळणार नाहीत. पण तू हात घातलास, म्हणून तुझ्या हाती आले तेवढ्याचा जाब तुला द्यावाच लागेल. हक्क न मिळता कर्तव्य मात्र गळ्यात पडते. अपकृत्य करणाऱ्यास कर्तव्यातून मोकळे करणारा कायदा अपकृत्यास बक्षीसच देईल, हे इंग्रज न्यायाधीशांनी फार पूर्वी ओळखले होते.

अखंड टर्की ओट्यावर घेऊन उभा असलेला माणूस आम्हांस असाच व्यवस्थापक वाटतो. त्या जिवावर त्याचा अधिकार होता की नाही, हा वाद येथे आम्ही मिटवू इच्छीत नाही. जैन मित्र एक सांगतील, आमचे मत्स्याहारी शेजारी दुसरे. पण अधिकार नव्हता असे धरले तरी त्यावरून काळजी निरर्थक ठरत नाही, उलट ती अधिकच बंधनकारक होते. मारून करपविलेला, मारून कोरडा केलेला, ताटात अर्धा टाकून केराच्या डब्यात गेलेला पक्षी हा दुसरा अपराध आहे, आणि पहिल्याचे समर्थन कोणी कितीही केले तरी या दुसऱ्याचे समर्थन करता येत नाही. म्हणून त्या स्वयंपाकघरात कौशल्य ही केवळ हौस राहत नाही. पाणी थंड आहे ना, हे पाहण्यासाठी मध्यरात्री उठणारी गृहिणी राष्ट्राध्यक्षाहून अधिक गंभीर काम करीत असते.

हे म्हणणे घसरणीच्या वाटेवर आहे, हे आम्ही जाणतो. काळजीचे प्रायश्चित्त व्हावयास वेळ लागत नाही. चांगले शिजविले म्हणजे सगळे क्षम्य झाले, असे मन हळूच म्हणू लागते, आणि मग मिठवणीचे भांडे आणि व्हाइट हाऊसचे अंगण यांत फरक उरत नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध यासाठीच आठवतो. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो व्याध ब्राह्मणास धर्म सांगतो, पण आपला धंदा पवित्र आहे असे त्या साऱ्या संवादात कोठेही म्हणत नाही. तो घोर आहे, हे तो आरंभीच मान्य करतो; नांगर चालविणाऱ्याच्या हातूनही जीव मरतात, हे दाखवून देतो; आणि तरीही ‘घोर’ हा शब्द मागे घेत नाही. ती कबुली कायम ठेवून काम नीट करणे त्यास साधले होते.

अखंड पक्षी भाजण्याच्या रीतीत या कबुलीस थोडी तरी जागा आहे, असे आम्हांस वाटते. दुकानातील पातळ वेष्टनात गुंडाळलेले पांढरे तुकडे कोणाचेच नसतात. मान कापलेला, पंख मुडपलेला, पाय बांधलेला सहा किलोंचा देह मात्र दोन हातांनी उचलावा लागतो. त्याचे वजन मनगटास कळते. पोकळीत हात घालून आतील काळीज व गळ्याचे हाड काढावे लागते. घरातील मुले विचारतात, हा जिवंत होता काय? तुकड्यांच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच निघतो. मोठ्यांनी त्यास ‘होय’ एवढेच उत्तर द्यावे, विनोद करू नये.

आमच्या दाखल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३०४ व्या कलमाप्रमाणे अपकृत्याने झालेला व्यवस्थापक खऱ्या व्यवस्थापकास किंवा मृताच्या धनकोस जबाबदार असतो. हिशेब मागणारा कोणीतरी असतो. त्या सणामागील भूमीच्या बाबतीत असे मागणारे आहेत: १९७० पासून मूळ रहिवाशांपैकी काही जण त्याच गुरुवारी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात. पक्ष्याच्या वतीने मात्र कोणी येत नाही. हिशेब मागणारा नसता तो ठेवावयाचा असतो.

काही घरांतून तो ठेवलाही जातो. शुक्रवारी सकाळी पाहुणे गेलेले असतात. कोणीतरी हाडांचा सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घालतो, कांदा, गाजर व मिरी टाकून वर पाणी ओततो आणि मंद आचेवर ठेवतो. मीठ घालीत नाही. ते हाडांपर्यंत गेलेलेच असते.