डेलीचें पान व रसिकाची जबाबदारी

आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स आपल्या पहिल्याच कादंबरींत, म्हणजे १८८७ सालीं, खुनाच्या जागीं सांपडलेल्या थोड्याशा राखेवरून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची असल्याचें सांगतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ही गोष्ट विद्यार्थिदशेंत वाचली असेल व त्या बुद्धीचें कौतुकहि केलें असेल. तें योग्यच होतें. परंतु ती राख ज्या पानाची, तें पान मद्रास इलाख्यांतील कोणत्या शेतांत वाढलें आणि कोणाच्या हातानें खुडलें गेलें, हा प्रश्न होम्सला पडत नाहीं. त्याच्या कामाला त्याची जरूरी नाहीं. राखेवरून त्याला ओढणारा माणूस शोधावयाचा आहे, पिकविणारा नाहीं.

तंबाखूच्या रसिकांची स्थिति याहून फारशी वेगळी नसते असें आम्हांस वाटतें. हवानाचें नांव सर्वतोमुखीं आहे. पण खरा रसिक हवानाशीं थांबत नाहीं. सिरियांतील लाताकिया बंदराच्या नांवानें ओळखली जाणारी, लांकडाच्या धुरांत मुरविलेली काळी तंबाखू त्याला ठाऊक असते, आणि तसलीच तंबाखू पुढें सायप्रस बेटांतहि होऊं लागली हेंहि ठाऊक असतें. अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील सेंट जेम्स या लहानशा परगण्यांत पिंपांत दाबून महिनोन्‌महिने आंबविलेली पेरीक पाइपमध्यें किती चिमूट घालावी, यावर तो तासभर बोलूं शकतो. हें ज्ञान हास्यास्पद आहे असें आम्ही मानीत नाहीं. जीभ आणि नाक यांच्या द्वारें माती, पाऊस व वारा ओळखणें ही एक विद्याच आहे, आणि रत्नागिरीचा हापूस व देवगडचा हापूस यांवर ज्यांच्या घरीं दर उन्हाळ्यांत वाद होतो त्यांस हें समजावून देण्याची गरज नाहीं. तंबाखू प्रकृतीस घातक आहे, कर्करोगाचें व हृद्रोगाचें तें एक मोठें कारण आहे, हें वैद्यकशास्त्रानें निर्विवाद ठरविलें आहे. तो वाद येथें उकरून काढण्यांत अर्थ नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या वस्तूचा गुण ज्याला सूक्ष्मपणें कळतो, त्यानें तो गुण कोठून आला हें कोठवर विचारावें?

या विचारासाठीं आम्ही एकच मुलूख घेतों. तो म्हणजे सुमात्रा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील डेली.

चिरुटाचीं अंगें तीन: आंत भरलेली तंबाखू, ती बांधून धरणारें पान, आणि सर्वांत बाहेरून गुंडाळलेलें वेष्टन. डेलीची कीर्ति झाली ती या वेष्टनामुळें. तेथील पान पातळ, लवचिक, बारीक शिरांचें व एकसारखें जळणारें असे. त्याची स्वतःची चव सौम्य असल्यामुळें आंतील तंबाखूच्या आड तें येत नसे. शिवाय थोड्या वजनाच्या पानांत पुष्कळ चिरूट गुंडाळले जात, म्हणून तें महाग असूनहि कारखानदाराला परवडे. गिऱ्हाईक तें विकत घेई तें बहुतांशीं डोळ्यांनीं. दुकानांतील पेटी उघडल्याबरोबर जी गुळगुळीत, डाग नसलेली, एका रंगाची ओळ दिसे, ती डेलीची करामत.

१८६३ सालीं याकोबुस नीनहाउस नांवाचा डच व्यापारी तेथें उतरला. डेलीच्या सुलतानाकडून त्यानें जमीन मिळविली, आणि पहिल्या पिकांचा भाव पाहून १८६९ सालीं डेली कंपनी स्थापन झाली. डच ईस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६० सालीं. म्हणजे डेलीचा जन्म गुलामगिरी संपल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जमीन ज्वालामुखीच्या राखेनें सकस झालेली. तिची जोपासना मळेवाले फार शहाणपणानें करीत. एकदां तंबाखू काढली कीं तें शेत सात-आठ वर्षें पडीत राही. पडीत टाकण्यापूर्वीं भोंवतालच्या मलायी व बाटक लोकांस त्यांत भाताचें एक पीक घेण्याचा हक्क असे. जमिनीच्या विश्रांतीची एवढी काळजी घेणाऱ्या या गृहस्थांनीं माणसांचें काय केलें, तें आतां पाहावयाचें.

स्थानिक लोक मळ्यावर राबावयास तयार नव्हते. म्हणून प्रथम चिनी मजूर आणले, पुढें जावा बेटांतील माणसें मोठ्या संख्येनें आणलीं. दलाल आगाऊ रक्कम हातांत ठेवी, मजूर करारावर अंगठा उठवी, आणि तेथून पुढें करार संपेपर्यंत तो मळ्याचा होई. १८८० सालच्या कुली कायद्यानें या व्यवस्थेवर सरकारी शिक्का बसला. काम नाकारणें, मळा सोडून जाणें, हा करारभंग राहिला नाहीं. तो फौजदारी गुन्हा ठरला. पळालेला मजूर पोलिसांनीं पकडून आणावा, त्याला दंड किंवा सक्तमजुरी व्हावी, आणि पुन्हां त्याच मळ्यावर धाडावा. पगाराच्या दिवशीं मळ्यावर जुगार चालूं देत. हरलेला मजूर कर्जांत बुडे, आणि कर्जांत बुडालेला मजूर पुन्हां करार करी. (इंग्रजांच्या राज्यांतहि करारभंगासाठीं मजुराला तुरुंग दाखविणारा कायदा १८५९ पासून होता आणि आसामच्या चहामळ्यांनीं त्याचा भरपूर उपयोग केला, हें चहा पितां पितां लेख वाचणाऱ्यांसाठीं नमूद करून ठेवतों.)

येथें कोणी म्हणेल कीं मजुरांचे हाल ही एक गोष्ट आणि पानाचा गुण ही दुसरी. एकीचा विचार न्यायालयानें करावा, दुसरीचा रसिकानें. ही विभागणी दिसते तितकी सरळ नाहीं. वेष्टनाच्या पानाला एक भोंक पडलें तरी वेष्टन म्हणून तें निकामी होतें. म्हणून रोपें वाढत असतां मजुरानें एकेक पान उलटून खालच्या बाजूच्या अळ्या हातानें वेंचावयाच्या. पानें खालून वर, जशीं तयार होतील तशीं, खुडावयाचीं. लांब छपरांत दोऱ्यांवर टांगून वाळवावयाचीं. राशींत रचून आंबवावयाचीं व राशींतली उष्णता बेताबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं. आणि शेवटीं लांबी, रंग व धडपणा पाहून एकेक पान वेगळें करावयाचें. चिनी मजुराला मोबदला मिळे तो या पानांच्या प्रतीवर, आणि प्रत ठरवी मळ्यावरचा गोरा अधिकारी. त्या पानाचा निर्दोषपणा मातीनें व पावसानें दिलेला नाहीं. तो हजारों वेळां वांकलेल्या पाठींनीं दिलेला आहे, आणि त्या पाठींवर काय पडत होतें तें आपण आतां पाहणारच आहों. रसिक ज्याला ‘डेलीचा गुण’ म्हणतो त्यांतला निम्मा वांटा या श्रमाचा आहे. माती व पाऊस मोजून श्रम वगळला तर गुणाचें ज्ञानहि अर्धवटच राहिलें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एका तुकड्यालाच सर्वस्व समजून त्याच्या कारणाकडे न पाहणाऱ्या ज्ञानाला तेथें तामस म्हटलें आहे. आमच्या रसिकाला हा शब्द कठोर वाटेल, पण तो त्याला लागू पडतो.

यावर दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पिरॅमिड कोणाच्या घामानें उभे राहिले हें ठाऊक असूनहि आपण ते पाहावयास जातों. मग चिरुटालाच वेगळा न्याय कां? आमच्या मतें येथें काळाचा भेद निर्णायक आहे. पिरॅमिडकडे पाठ फिरविल्यानें कोणाहि मजुराचा भार हलका होत नाहीं. तें काम संपलें आहे. डेलीचें पान मात्र दरसाल नव्यानें लावलें जाई, कारण गेल्या साली तें विकलें गेलें होतें. आम्सटरडॅममध्यें नेस नांवाच्या रस्त्यावर फ्रास्काटीच्या वास्तूंत त्याचा लिलाव होई. व्यापारी नमुने बोटांनीं चांचपून पाहत आणि बंद लिफाफ्यांतून बोली देत. तेथें दिलेला भाव हा झालेल्या कामाचा मोबदला होता, तसाच पुढल्या वर्षाच्या कामाचा हुकूमहि होता.

राहिला अज्ञानाचा बचाव. हा आम्ही एकदम धुडकावून लावणार नाहीं, कारण अज्ञानाचे प्रकार एक नाहींत. १८९० च्या सुमारास डेलीच्या वेष्टनाचा चिरूट ओढणाऱ्या एखाद्या डच शिक्षकाला सुमात्रांत काय चाललें आहे हें खरोखरच ठाऊक नसेल. त्याला दोष देणें अन्याय होईल. १९०२ सालीं मात्र मेदान येथील वकील योहानेस व्हान डेन ब्रांड यानें ‘डेलीचे कोट्यवधि’ अशा अर्थाच्या नांवाची एक पुस्तिका छापली आणि मळ्यांवरील मारहाण, कोंडून ठेवणें, स्त्रियांची विटंबना हें सर्व उघड केलें. हॉलंडच्या लोकसभेंत प्रश्न विचारले गेले. यानंतरचें अज्ञान हें न विचारण्याचें अज्ञान होय. आणि तिसराहि एक प्रकार आहे. त्या पुस्तिकेमुळें सरकारनें रेमरेव्ह या सरकारी वकिलाला चौकशीस धाडलें. त्यानें १९०४ सालीं अहवाल दिला आणि आरोपांस मोठ्या प्रमाणांत पुष्टि दिली. मजुरांच्या देखरेखीसाठीं एक सरकारी खातें निघालें. अहवाल मात्र छापला गेला नाहीं. यान ब्रेमान या समाजशास्त्रज्ञानें तो प्रसिद्ध केला १९८७ सालीं, म्हणजे ८३ वर्षांनीं. येथें लोकांनीं विचारलें होतें आणि उत्तर कपाटांत बंद झालें. अशा वेळीं सामान्य गिऱ्हाइकाचा दोष थोडा कमी धरावा लागेल. पण नाहींसा होतो असें म्हणवत नाहीं. त्यानें एकदां विचारलें व कपाट बंद झालेलें पाहिलें, तरी चिरूट पेटविणें तर चालूच ठेवलें होतें.

मग तीस वर्षें जें झालें नाहीं तें कशानें झालें? याचें उत्तर नीतिवाद्यांना गोड लागण्यासारखें नाहीं. सुमात्राच्या वेष्टनामुळें अमेरिकन शेतकऱ्यांचें वेष्टन मागें पडत होतें. १८९० सालीं अमेरिकेनें त्यावर पौंडास दोन डॉलर जकात बसविली. १९०० सालापासून कनेक्टिकटच्या खोऱ्यांत सुमात्राचें बीं आणून, शेतांवर कापडाचे मांडव घालून, तसलेंच पातळ पान काढण्यास सुरुवात झाली. आणि १९३० च्या जकात कायद्यांत, शिक्षेच्या धाकानें करविलेल्या मजुरीचा माल अमेरिकेंत येऊं देऊं नये, असें कलम पडलें. त्यांत एक पळवाटहि होती: जो माल अमेरिकेंत पुरेसा पिकत नाहीं त्याला ही बंदी लागू नाहीं. वेष्टनाची तंबाखू तेथें पिकत होती, म्हणून ती पळवाट डेलीला मिळाली नाहीं. थोड्याच अवधींत डेलीच्या तंबाखूमळ्यांनीं शिक्षेच्या कलमाचे करार सोडून दिले. जगभर मंदी आली होती, मजुरांची वाण राहिली नव्हती, हेंहि खरें. तरी जें व्हान डेन ब्रांडच्या लेखणीला साधलें नाहीं तें कनेक्टिकटच्या शेतकऱ्याच्या स्वार्थाला साधलें.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं सदसद्विवेकबुद्धि व्यर्थ, बाजारच काय तो खरा. आम्हांस तो मान्य नाहीं. ‘शिक्षेच्या धाकानें करविलेली मजुरी’ हे शब्द कायद्यांत लिहावयास सुचले, ते पूर्वींच्या कित्येक वर्षांत कोणीतरी ती गोष्ट नांव देऊन सांगितली होती म्हणून. स्वार्थानें दार ओढून घेतलें. तें दार कोठें आहे हें दुसऱ्यांनीं दाखविलें होतें. खेद वाटतो तो एवढाच कीं त्यांत चिरूट ओढणाऱ्यांचा भाग कोठें दिसत नाहीं. ज्यांना त्या पानांतील फरक सर्वांत चांगला कळत होता, त्यांचा आवाज या साऱ्या इतिहासांत जवळजवळ ऐकूं येत नाहीं.

डचांविषयीं संताप करणें आम्हां मराठी वाचकांना सोपें आहे, म्हणून घराजवळचेंहि थोडें पाहिलें पाहिजे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि सोलापूर, सिन्नरसारख्या गांवीं विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे हात ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना प्रत ठरविण्याची रीत अपरिचित वाटणार नाहीं. दिवसभर वळलेल्या विड्यांतील कांहीं ‘छाट’ म्हणून बाजूला काढावयाच्या व त्यांची मजुरी द्यावयाची नाहीं, ही तक्रार या धंद्यांत जुनी आहे. १९६६ सालीं विडी-चिरूट कामगारांसाठीं कायदा करावा लागला, त्यांत या छाटीलाहि मर्यादा घालावी लागली. येथें तुरुंगाचा धाक नाहीं, हा भेद मोठा आहे व तो विसरूं नये. पांढरपेशा घरांत विडी ओढीत नाहींत, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असेंहि म्हणतां येईल. पण चंदेरीची साडी, मिर्झापूरचा गालिचा, आसामचा चहा यांची पारख करतांना आपण जें विचारतों व जें विचारीत नाहीं, त्याची जात तीच आहे.

डच मळे १९५८ सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें ताब्यांत घेतले, आणि पुढल्याच वर्षीं लिलाव आम्सटरडॅमहून ब्रेमेनला गेला. नेस रस्त्यावरील फ्रास्काटींत आज नाटकें होतात. मेदानच्या भोंवतालच्या पुष्कळशा जुन्या मळ्यांवर ऊंस व तेलाचे ताड उभे आहेत, कांहींवर शहर पसरलें आहे. करार संपल्यावर जे मजूर जावाला परतले नाहींत त्यांचे वंशज तेथेंच राहतात. त्यांना अजून ‘जावा-डेली’ म्हणतात.