मांगीतुंगीच्या पलीकडे

माझ्या सासूबाईंनी समुद्र पाहिलेला नाही. पाहायला मिळाला नाही असं नव्हे, त्यांनी तो आपण होऊन सोडला. ऐन चाळिशीत त्यांनी दिग्व्रत घेतलं. पूर्वेला मुक्तागिरी, पश्चिमेला मांगीतुंगी, उत्तरेला सिद्धवरकूट, दक्षिणेला कुंथलगिरी आणि मध्ये आमचं बुऱ्हाणपूर. या चार क्षेत्रांच्या पलीकडे जन्मभर पाऊल टाकायचं नाही. सख्ख्या भाचीचं लग्न मुंबईला झालं, तरी त्या गेल्या नाहीत.

मला या व्रताचा राग यायचा. हिंसा करू नये, खोटं बोलू नये, हे समजतं. पण जग पाहू नये, यात कसला धर्म? शास्त्रकार म्हणतात, मर्यादेबाहेरच्या जगापुरता असा श्रावक महाव्रत्यासारखाच होतो, कारण तिथे त्याच्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही. मला हे हिशेबातलं कौशल्य वाटायचं. जिथे जायचंच नाही तिथे निष्पाप राहण्यात काय मोठेपण?

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी इथे रात्री वाळूत अंडी घालून जातात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री पळवायची. 2002पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पहाटे किनाऱ्यावर फिरून माग शोधायचा, अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवायची, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की सोडायची. पाहायला येणाऱ्यांसाठी 2006पासून कासव महोत्सव भरतो. उतरायचं गावातल्या घरांमध्येच. आमच्या घरच्या वहिनींनी चौविहार समजून घेतला आणि रोज दिवस मावळायच्या आत पान वाढलं.

पहाटे किनाऱ्यावर उतरले. मागे सुरूची झाडं, पुढे ओली, करडी वाळू, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. मी थांबलेच. पायाखाली वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी होती आणि प्रत्येक नक्षीच्या मध्ये एक भोक, भोकात खेकडा. चार हात जमीन पाहून चालावं हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे चार हातांत पाय ठेवायला जागा नव्हती. पण परत फिरायला मी बुऱ्हाणपूरहून आले नव्हते. गेले. पायाखाली काय काय गेलं ते मोजलं नाही.

टोपली उचलली तेव्हा तीन पिल्लं निघाली. दोरीच्या अलीकडे आम्ही चाळीसएक माणसं. उजेडाने पिल्लं वाट चुकतात असं सांगून झालं होतं, तरी एकाने मोबाईलचा फ्लॅश मारलाच. हजारांत एखादंच मोठं होतं म्हणतात. मला एकदम सासूबाई आठवल्या. त्यांच्याकडून या पिल्लांना कधीच काही धोका नव्हता.

पण मग हेही आलंच की आम्ही चाळीस जण येतो, पैसे देतो, म्हणून अंडी राखणं गावाला परवडतं. सगळेच जर दिग्व्रती झाले तर कासवांचं काय होईल? हा प्रश्न मी घरी आल्यावर मोठ्या हौसेने मांडला. त्या कैरीच्या फोडी करत होत्या. म्हणाल्या, "आधी चोर येतात, मग राखणदार लागतो. राखणदाराला पैसे दिले म्हणून पाहुणा साव होतो का गं?" मी निरुत्तर झाले, पण पटलं मात्र नाही. चोर तर आधीच येऊन गेले आहेत. आता नुसतं घरी बसून कसं भागेल?

त्यांच्यासाठी मी एक शंख आणला होता. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"कोणी दिला?"

"आई, पडलेला होता."

"पडलेलं म्हणजे दिलेलं नव्हे."

पाणी आणि माती कोणी न देता घेतली तरी गृहस्थाला चोरीचा दोष लागत नाही, ही सवलत मी पुढे केली. "शंख माती आहे का?" त्यांनी विचारलं. नाहीच. मऊ अंगाचे काही खेकडे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतात, हे मला वेळासलाच कळलं होतं. म्हणजे मी कोणाचं तरी घर उचलून आणलं होतं.

आणि मातीचं तरी काय? ती सवलत ओंजळीपुरती असणार. लहानपणी राजघाटावर तापीच्या वाळूत आम्ही विहिरी खणायचो. आता नदीची वाळू डंपरने जाते. आमच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये तीच आहे. तापी इथून हतनूर, उकाई अशी धरणं ओलांडत सुरतेपाशी डुमसला समुद्राला मिळते. आमच्या मोरीतलं साबणाचं पाणी, पिशव्या, सगळं तिच्याबरोबर मांगीतुंगीची रेषा ओलांडून जातं. दिग्व्रत पायांना बांधतं, मोरीला नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भांड्यांची पावडर बंद करून चुलीची राख मागितली. आमच्याकडे गॅस आहे. राख आणायची कुठून, हा एक वेगळाच घोळ झाला.

वेळासचं नाव मी इथे लिहिलं, कारण तिथे राखणारी माणसं आहेत. परतीच्या वाटेवर एका वळणाखाली दुसरा किनारा दिसला होता. लांबलचक वाळू, एक होडी, माणूस एकही नाही. आम्ही गाडी थांबवली, पण खाली उतरलो नाही. ड्रायव्हरला वाटलं कोणाला तरी मळमळतंय. माझी पुण्याची नणंद तेव्हापासून त्या जागेचं नाव विचारते आहे, मुलांना सुट्टीत न्यायचंय म्हणते. गेल्या आठवड्यात पुन्हा मेसेज आला. शंख अजून कपाटात आहे. तो परत नेऊन ठेवायचा तर पुन्हा तिथवर जावं लागणार.